उदारामच्या भोंग्यावरची गोरी डॉक्टरीण

बोरटोल्याच्या उदाराम शेंडेला साधी गोष्ट साध्या आवाजात सांगता येत नसे. हा दोष नव्हता, पेशा होता.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिवाळी झाली, धान कापून झाला, की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे सोयऱ्यांनी ओसंडणारी घरं, कोंबडीचा रस्सा, लग्नाच्या पोरापोरींची पाहणी, आणि रात्री नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि त्यात किमान एक आई, एक बहीण आणि एक इन्स्पेक्टर रडतो. या नाटकांची जाहिरात जीपवर भोंगा बांधून होते. बकारामच्या जीपवर तो भोंगा असे आणि भोंग्यामागे उदाराम. "येत आहे, येत आहे, येत आहे!" तो म्हणे, आणि काय येत आहे हे कळायच्या आधीच लोक दारात उभे राहत.

पंचाईत एवढीच की नाटकाचा हंगाम संपल्यावरही तो आवाज बदलत नसे. केशोराव सरपंचांची शेळी हरवली तेव्हा त्याने पुकारलं, "सोडून गेली, सोडून गेली! केशोरावजींच्या घरची देखणी, काळीभोर, एकुलती एक, भरल्या घराला रडवून गेली हो!" शेळी दुपारी सापडली, पण तोवर दोन गावांहून माणसं सांत्वनाला येऊन चहा पिऊन गेली होती. पोलिओच्या डोसाला तो म्हणाला होता, "फक्त दोन थेंब! एकच प्रयोग!" त्या दिवशी लेकरांच्या रांगेत मिशा असलेली काही माणसंही उभी होती आणि आम्हाला का नाही म्हणून भांडत होती.

हंगामात तो गावच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टरही असे. पडद्याआड वही धरून बसायचं आणि नटांना वाक्यं पुरवायची. इथे मात्र एक भानगड होती. साधारण २००५ पासून उदारामला वहीतलं अक्षर दिसेनासं झालं. मग वही दिसेनाशी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि जग त्याला ताकातून पाहिल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. पण वाक्यं तोंडपाठ असल्यामुळे तो वही उघडून, कधी उलटी धरून, जोमात पुरवठा करी. एकदा त्याने तिसऱ्या अंकात दुसऱ्याच नाटकाचा चौथा अंक पुरवला. नायिका मेलेल्या बापाशी तावातावाने बोलली. बाप उठून बसला. पब्लिकने वन्समोअर दिला.

ही गोष्ट फक्त बायकोला माहीत होती. सुलोचनाबाईला त्याने स्वतःच्या गळ्याची शपथ घालून ठेवली होती. लोक त्याला खोकल्यावरून ओळखू येत, सायकली करकरीवरून, आणि रस्ता सुलोचनाबाईच्या बांगड्यांवरून. ती पुढे चाले आणि हात हलवून बांगड्या वाजवी. हा मागून येई. नवऱ्याच्या पुढे चालणारी बाई म्हणून गावात तिचं नाव झालं होतं. नांदेडहून आलेल्या एका मास्तरीणबाईंनी तर तिचा सत्कारही सुचवला होता.

"ऑपरेशन करून टाका ना जी," सुलोचनाबाई म्हणे.

"आन् काकासारखा होऊ?"

उदारामच्या काकाने फार पूर्वी कुठल्याशा शिबिरात, शाळेची बाकं जोडून केलेल्या टेबलावर, डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. धूसर दिसणारा डोळा घेऊन गेला आणि काहीच न दिसणारा घेऊन आला. पुढची सगळी वर्षं काका ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "दिवस मावळला का गा?" तो प्रश्न उदारामच्या कानात कायमचा बसला होता. अंधुक का होईना, दिसतं आहे. तेही गेलं तर? तो तमाम पंचक्रोशीला भोंग्यावरून घाबरवू शकत असे, हसवू शकत असे. या एका प्रश्नापुढे त्याचा आवाज बसे.

आता मिशनचा दवाखाना.

तो गावाच्या बाहेर, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीला लागून आहे. गोऱ्या साहेबांनी तो बांधला आणि स्वातंत्र्यानंतर यथावकाश ते निघून गेले. मागे उरलं एक कौलारू चर्च, ऑपरेशनची एक चांगली खोली, थोडीशी ख्रिस्ती घरं आणि कंपाउंडर छोटेलाल मसीह. छोटेलालचे आजोबा छत्तीसगडातून आलेले. तो घरी छत्तीसगडी, दवाखान्यात हिंदी आणि परमेश्वराशीही हिंदीच बोले, मात्र तिथे जरा शुद्ध.

या चर्चचं पुढे कुणीतरी वरच्या वर ग्रेनाडा नावाच्या बेटावरच्या एका चर्चशी नातं जोडून दिलं. ख्रिस्ती मंडळींत अशा सोयरिकी होतात. मुलगा-मुलगी न पाहता जुळवायची पद्धत त्यांच्यातही आहे. दर रविवारी इकडचे तिकडच्यांसाठी प्रार्थना करत आणि तिकडचे इकडच्यांसाठी, आणि दोन्ही बाजूंना वाटे की पलीकडचे बिचारे फार हलाखीत आहेत. २००४ साली मोठ्या वादळात त्या बेटावरच्या चर्चचं छप्पर उडालं. बोरटोल्याच्या चर्चचं छप्पर तेव्हा गळतच होतं. छोटेलालने छपराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पुढच्या रविवारी थाळी फिरवली. दोन पत्रे होतील इतके पैसे जमले. ते सात समुद्र ओलांडून गेले, आणि तिकडच्या मंडळीने म्हणे ते दोन पत्रे बरोबर वेदीच्या वर बसवले. आता त्या छपराखालून, २००७ च्या मंडईला, डोळ्यांची डॉक्टर, दोन नर्सा आणि औषधाच्या पेट्या येत होत्या. परवानगीचे कागद नागपूर-दिल्ली फिरून थकून आले होते, ऑपरेशनची खोली चुन्याने रंगवून झाली होती.

"ग्रेनाडा कोठी आलं गा?" केशोरावांनी विचारलं.

"वेस्ट इंडीज में, सरपंचजी।"

"अस्सं सांग ना मंग!" कारण वेस्ट इंडीज सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच साली मार्चमध्ये भारताचा संघ वर्ल्डकपला तिथे गेला होता आणि पहिल्याच फेरीत परत आला होता. केशोराव गंभीर झाले. "आपल्या पोरांले तिथं दिसलं नाही कायी, हे खरं. म्हनून डोऱ्याचे डाक्टर पाठवून राहिले काय?"

छोटेलालने जाहिरातीचा मजकूर कागदावर लिहून उदारामच्या हातात दिला. मजकूर असा होता की मंडईच्या दिवशी मिशन दवाखान्यात मोफत नेत्र तपासणी आहे, गरजूंनी लाभ घ्यावा. उदारामने कागद डोळ्यांसमोर धरला, मान डोलावली आणि घडी करून खिशात घातला. जे दिसलंच नाही ते वाचायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी भोंगा गरजला.

"येत आहे, येत आहे, येत आहे! सातासमुद्रापलीकडून, वादळाच्या तोंडातून, खास बोरटोल्याच्या रसिक मायबापांसाठी! दुधासारखी गोरी, विलायती डॉक्टरीण! सोबत दोन सहकलाकार! अंधाराचा वध! उजेडाचा विजय! महिलांची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था! आपापलं बसायचं बोरं, आपापली सतरंजी घेऊन या!"

"गोरी हाय काय ते?" जीप चालवता चालवता बकारामने विचारलं.

"विलायतचे डाक्टर कारे असते काय? हाकल जीप."

मंडईच्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आणायला हे दोघे गोंदिया स्टेशनवर गेले. बकाराम जीपपाशी थांबला, कारण गोंदियाला जीप सोडून गेलं की स्टेपनी जाते. उदाराम हार घेऊन फलाटावर गेला. गाडी आली, गलका झाला, आणि त्याला धुक्यातून एक उंच, पांढरीशुभ्र आकृती समोरून येताना दिसली. त्याने झेप घेऊन हार घातला. ते खादीचे कपडे घातलेले एक पुढारी होते. त्यांनी आजवर कुठल्याही हाराला का म्हणून विचारलं नव्हतं, तसं आताही विचारलं नाही. हात जोडले, उदारामच्या पाठीवर थाप मारली, "काम हो जाएगा," म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर कुणीतरी उदारामच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. आवाज बाईचा होता, भरदार होता, इंग्रजी होता. उदाराम खूश झाला. पाहुण्यांना पुढे घालून, त्यांच्या पेट्यांच्या चाकांच्या आवाजामागून तो जीपपाशी पोचला.

बकारामने डॉक्टर युलाली जोसेफकडे पाहिलं. मग उदारामकडे पाहिलं. मग पुन्हा डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाई उंच, धिप्पाड आणि भरल्या जांभळासारख्या काळ्याभोर होत्या; डोक्यावर पिवळी टोपी होती आणि हसणं असं की शेजारच्या पानठेल्यावरची माणसं कारण नसताना हसली. गोंदिया ते बोरटोला उदाराम माइकवर "गोरी, गोरी, दुधासारखी गोरी!" असं गर्जत होता, डॉक्टर मागे बसून टाळ्या वाजवत होत्या, आणि बकाराम आरशात बघत मुकाट गाडी चालवत होता. उदाराम नेहमीच वाढवून सांगतो, हे त्याला माहीत होतं. कसायाचं काम करणारा नट त्याने जाहिरातीत राजपुत्र केला होता. पण इतकं?

दवाखान्यासमोर जनसमुदाय बसला होता. शब्दशः बसला होता; गोणपाटाची बोरं अंथरून, पोरं मांडीवर घेऊन, मुरमुऱ्याच्या पुड्या सोडून. नवेगाव, नागझिऱ्याकडचे सोयरेही आले होते. पडदा कधी उघडतो याची वाट चालली होती. छोटेलालने स्वागतासाठी एक चौकी मांडली होती, त्यामुळे रंगमंच नाही असंही कुणी म्हणू शकलं नसतं.

डॉक्टर जोसेफ जीपमधून उतरल्या.

"अवो माय," बायकांतून एक आवाज आला, "हे तं आपल्याच घरची दिसून राहिली."

पहिल्या रांगेत बिसनलाल पटले बसले होते. पोवार समाजातले मोठे जमीनदार, वय झालेलं, बोलणं स्पष्ट. माळव्यातून आलेल्या पूर्वजांबद्दल ते अजून असं बोलत की जणू ते परवाच पोचले आहेत. बायकांचं ऐकून ते म्हणाले, "काऊन गा उदाराम, गोरी म्हनून राहिला होतास ना?"

"मंग?" उदाराम चौकीवरून म्हणाला. "गोरीच तं हाय. डोरे फुटले काय तुमचे? पाहा ना कसी उभी हाय, दुधासारखी!"

आणि त्याने ऐटीत हात केला, तो चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग पहिल्या रांगेत एक बारीक हसू फुटलं, ते मागे गेलं, मोठं झालं, आणि सगळी मंडई बोऱ्यांवर लोळू लागली. उदाराम भिंतीला नमस्कार करून उभा. बायकांच्या बाजूने सुलोचनाबाई उठली. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला, त्या बांगड्यांच्या आवाजाने उदारामने मान वळवली, आणि ती ओरडली, "शपथ गेली खड्ड्यात! दिसत नाही त्यायले! दोन वर्सं झाले, कायीच दिसत नाही!"

हसू थांबलं.

डॉक्टर जोसेफना या सगळ्यातला एकही शब्द कळला नव्हता. पण भिंतीला नमस्कार करणारा माणूस कुठल्याही भाषेत सारखाच दिसतो. त्या चौकीवर चढल्या, उदारामची हनुवटी दोन बोटांनी वर केली, खिशातून बारकी बॅटरी काढली आणि त्याच्या डोळ्यांत पाहू लागल्या. पब्लिकला वाटलं सुरू झालं. टाळ्या पडल्या. मागच्यांनी पुढच्यांना "खाली बस बे!" म्हटलं.

"दोनों आँखें पक गई हैं," छोटेलालने भाषांतर केलं. "कल सुबह एक आँख। पहला नंबर तुम्हारा।"

"मले टाइम नाही," उदाराम म्हणाला. "आज रातच्याले नाटक हाय. उद्या झोप. परवा..."

"परवा काय?"

"परवाचं परवा पाहू."

तपासणीची रांग लागायला हवी होती. पण लागेना. बिसनलाल हलले नाहीत. "ज्यानं बलावलं त्यानं पयले बसावं," ते म्हणाले. "लग्नात पयला घास आचारी खाते ना? मंग. उदारामचा डोरा वाचला तं माझा देतो." बोऱ्यांवरून होकार आले. बायका म्हणाल्या, बरोबर आहे. म्हणजे पंचक्रोशीतले सगळे मोतीबिंदू आता उदारामच्या एका डोळ्यावर येऊन टेकले. हे त्याच्याच आवाजाचं कर्तृत्व होतं, आणि पळून जायला वाट दिसत नव्हती, अगदी शब्दशः.

सुलोचनाबाई त्याला बोडीच्या पाळीवर घेऊन गेली. छोटेलाल आणि डॉक्टर मागून आले. उदारामने काकाची गोष्ट सांगितली, या वेळी भोंग्याशिवाय, इतक्या हळू आवाजात की छोटेलालला दोनदा विचारावं लागलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्या "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी आईसुद्धा नको म्हणायची. मी तिची मुलगी, डोळ्यांची डॉक्टर, तरी नको. शेवटी एकदा तिने चर्चमध्ये खांबाला मिठी मारून त्याची ख्यालीखुशाली विचारली. दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतली."

"खांबाले?" उदाराम म्हणाला.

"बिशप समझ के," छोटेलालने खुलासा केला.

उदाराम हसला. भिंतीला नमस्कार करणाऱ्याला खांबाशी बोलणारीचा फार आधार असतो. मग त्याने विचारलं, "दिसते का आता तिले?"

"इतकं दिसतं की माझ्या स्वयंपाकातले केस काढते."

"एक अट हाय म्हने त्यायची," छोटेलालने पुढचं वाक्य उदारामच्या बोलीत घोळवून सांगितलं. "माणूस जागाच राहते, पन तोंडातून एक शब्द नाही. बोलला की डोकं हलते."

उदारामचं हसू गेलं. डोळ्याची भीती एकवेळ गेली असती. गप्प राहणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"मी बाहेर बांगड्या वाजवतो," सुलोचनाबाई म्हणाली. "वाजून राहिल्या म्हनजे मी हाव. तुमी चूप राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या नाटकाची झोप डोळ्यांत घेऊन सगळं पब्लिक पुन्हा त्याच बोऱ्यांवर हजर. उदाराम आत गेला. दार लागलं. आणि बोरटोल्यावर अशी शांतता पसरली जी तिथे भोंगा आल्यापासून कुणी ऐकली नव्हती.

"बोलून नाही राहिला," बिसनलाल म्हणाले.

"मेला का बापा?"

लोक उठायला लागले. केशोराव घाबरले, त्यांनी माइक छोटेलालच्या हातात कोंबला. "कायी तरी बोल, नाही तं मंडई पांगते!" छोटेलालने खिडकीच्या जाळीतून पाहिलं. त्याला सार्वजनिक बोलण्याचे दोनच प्रकार येत होते, रेडिओवर ऐकलेली क्रिकेटची कॉमेंट्री आणि प्रार्थना. घाईत दोन्ही एकदम निघाले.

"हे दयालु पिता! डॉक्टर जोसेफ तैयार! दाहिने हाथ में औजार! बल्लेबाज़ उदाराम पीठ के बल, हिलना नहीं, हे प्रभु, हिलना नहीं! और ये, ये, जाला बाहर! हाँ! जाला बाहर! आमीन!"

"आमीन!" बौद्ध, पोवार, गोंड, सगळी मंडई ओरडली, अर्थ माहीत नव्हता, पण गडी बाद झाल्यासारखं वाटलं. दारापाशी सुलोचनाबाई दोन्ही हातांनी बांगड्या वाजवत होती. ती काही बोलत नव्हती. एका हातातल्या बांगड्या फुटल्या तशी ती दुसऱ्या हाताने वाजवत राहिली.

दार उघडलं. उदाराम डोळ्यावर पट्टी बांधून आला, आणि त्याने पहिली गोष्ट ही केली की चाचपून माइक हिसकावून घेतला. "पहिला अंक समाप्त," तो म्हणाला. "निकाल उद्या."

रात्रभर तो जागा होता की नाही हे सुलोचनाबाईलाच ठाऊक. सकाळी चौकीवर खुर्ची मांडली गेली. डॉक्टर जोसेफनी पट्टीची एक कड सोडली, मग दुसरी. पुढच्या रांगेत मुरमुरे खाणं बंद झालं.

उदारामने डोळा उघडला. मिटला. उघडला. त्याने पहिल्यांदा डावीकडे पाहिलं, जिकडे दोन वर्षं आवाज होता.

"हिरव्या हाय होय?" तो म्हणाला.

"काय?"

"बांगड्या. मी तं निळ्या समजत होतो." मग जरा थांबून, "एका हातात काऊन?"

"तुमच्यापायी फुटल्या," सुलोचनाबाई म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसली की रडली ते पदरालाच माहीत. "पाहत काय राहिले? म्हातारी झाली मी."

"थोडीसीक," उदाराम म्हणाला. खरं बोलायची हीच वेळ आहे असं काही पुरुषांना नेमकं वाटतं.

मग त्याने मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं, पुन्हा वर गेला. डॉक्टर हसल्या. तो त्यांच्या मागच्या भिंतीकडे एकदा पाहून आला. बिसनलाल पुढे वाकलेले.

उदाराम उठला. माइकवर दोनदा फुंकर मारली.

"मायबाप हो," तो म्हणाला, "जाहिरातीत एक दुरुस्ती हाय. डॉक्टरीणबाई गोरी नाही. आपल्यासारखीच कारी हाय, आन् आपल्याहून देखणी हाय. माझी चूक झाली." तो थांबला, थांबायचं कुठे हे त्याला डोळे नसतानाही कळत होतं. "आता तुमच्यापैकी ज्या कोनाले ते अजूनही गोरी दिसून राहिली असन, त्यानं लायनीत लागावं!"

बिसनलालांनी डोळे बारीक करून चौकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलली, उठले आणि दवाखान्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत रांग बोडीच्या पाळीवर पोचली होती.